साडेसहा हजारांचं पिस्तूल

अंबडच्या मत्स्योदरी देवीची टेकडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना नवरात्रातली तिथली गर्दी सांगायला नको. २०२३ च्या नवरात्रात आम्ही सगळे दर्शन घेऊन खाली उतरलो आणि माझी धाकटी फुग्यांच्या पाटीपुढे अडून बसली. त्या पाटीवरची छर्‍याची बंदूक आपण सगळ्यांनीच लहानपणी कधी ना कधी खांद्याला लावलेली आहे. तिची नळी वाकडी असते हेही आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. नळी सरळ ठेवली तर बिचार्‍या फुगेवाल्यानं खायचं काय?

धाकटीचे पहिले तीन छर्रे वाया गेले. मी दुसरी नोट काढून दिली ती केवळ देवीच्या दारात पोरगी हिरमुसू नये म्हणून. पण या वेळी तिनं एक गंमत केली. तांबड्या फुग्यावर नेम धरायचा सोडून ती त्याच्या उजवीकडच्या रिकाम्या फळीवर नेम धरू लागली आणि फटाफट फुगे फुटू लागले. मी विचारलं, "हे काय ग?" तर म्हणाली, "बाबा, ही बंदूक चार बोटं डावीकडे मारते. मग मी चार बोटं उजवीकडे जाते." फुगेवाल्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की मुकाट्यानं तिचा हात धरून मी भजी खायला निघालो.

मी जालन्यात बियाण्याच्या धंद्यात हिशेबनीस आहे. आमचं गाव बियाण्यांचं, लोखंडाच्या सळयांचं आणि मोसंबीचं. नेमबाजीशी आमचा संबंध एवढाच, की राज्य राखीव पोलीस बलाचा तीन क्रमांकाचा गट आमच्या गावात आहे. पण आठवीतल्या त्या पोरीनं घरी आल्यावर जो हट्ट धरला, तो दिवाळी तोंडावर आली तरी सुटेना. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचं सुवर्णपदक जिंकलं, हे तिनं कुठून तरी वाचून काढलं होतं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. "कोल्हापूरची चालते, मग जालन्याची का नाही?" या प्रश्नाला हिशेबाच्या वहीत उत्तर नव्हतं.

शेवटी तिला घेऊन मी एका मोठ्या शहरातलं प्रशिक्षण केंद्र गाठलं. कुठलं ते सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. तिथल्या गृहस्थांनी तिला पाच मिनिटं उभं केलं, हात लांब करायला लावला आणि मला बाजूला घेऊन एक यादी दिली. परदेशी पिस्तूल, दोन लाखांच्या घरात. हवा भरायचं नळकांडं वेगळं, छर्रे वेगळे, फी वेगळी. "रायफल घेतलीत तर वर जाकीट, पँट, बूट, हातमोजे आले. पिस्तुलाला तेवढं नाही, हे तुमचं नशीब," असंही ते म्हणाले. मी चाचरत विचारलं, "सुरुवातीला एखादं साधं, स्वस्त?" त्यावर ते हसले. "स्वस्तातलं म्हणजे खेळणं. त्यानं हात बिघडतो. आधी पिस्तूल, मग प्रवेश."

परतीच्या गाडीत आम्ही दोघं गप्पच होतो.

घरी सौ.नं सगळं ऐकून घेतलं. रात्री जेवणं झाल्यावर तिनं कपाटातून सासूबाईंच्या चार पाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "अहो, या माझ्या हातात वर्षातून दोनदा येतात. पोरीच्या हातात पिस्तूल रोज येईल." खोटं कशाला सांगू, मला अभिमान वाटण्याऐवजी रागच आला. दोन लाख घालायचे आणि चार महिन्यांनी पोरीला पोहण्याचा किंवा पेटीचा नाद लागला तर? आणि पाटल्या मोडायला मी 'नाही' म्हटलं, तर जन्मभर बाप आडवा आला हे ऐकायचं. त्या रात्री झोप अशी लागलीच नाही.

सुटका केली ती आमच्या गल्लीतल्या हवालदारकाकांनी. राखीव दलातून निवृत्त झालेले, आयुष्यातली कितीतरी वर्षं भरतीच्या पोरांना नेम शिकवण्यात गेलेली. ते म्हणाले, "साहेब, पोरीला पिस्तूल घेऊ नका, छर्रे घ्या."

मला काही उमजेना.

"घोड्यावर बसायला शिकताना कोणी अरबी घोडा घेत नाही. तट्टू घेतात. पडलं तर कमी उंचीवरनं पडतं. दोन लाखांचं पिस्तूल घ्याल आणि छर्‍यांना पैसा उरणार नाही. त्यापेक्षा साधं देशी घ्या आणि उरलेल्या पैशांचे छर्रे. नेम छर्‍यांनी बसतो."

दिवाळीच्या बोनसमधून आम्ही साडेसहा हजारांचं देशी पिस्तूल घेतलं. निवड काकांचीच. दुकानात त्यांनी जे पाहिलं ते सांगतो, कारण आपल्यापैकी कोणाला कधी घ्यायचं झालं तर ते उपयोगी पडेल. हे पिस्तूल स्प्रिंगचं असतं. नळी मधोमध मोडायची, तिच्यात छर्रा बसवायचा आणि पुन्हा सरळ करायची. काकांनी आधी ती नळी दहा वेळा मोडून बसवली आणि कानाशी धरून हलवली. खुटखुट आली की ते बाजूला ठेवायचे. नळी प्रत्येक वेळी त्याच जागी बसली नाही, तर नेम धरणारानं काय करायचं? मग त्यांनी मागची खाच पाहिली, तिला ते बॅकसाइट म्हणतात. ती स्क्रूनं डावीउजवीकडे आणि वरखाली सरकली पाहिजे, आणि सरकवल्यावर तिथंच राहिली पाहिजे. पुढचं बोंड, म्हणजे फोरसाइट, चौकोनी आणि घट्ट हवं. चाप जड असला तरी चालेल, पण तो सुटायची जागा दर वेळी एकच हवी. दिसायला फार देखणी अशी दोन पिस्तुलं त्यांनी पाहताक्षणी नाकारली. ती प्लॅस्टिकचे गोल मणी मारणारी होती.

कायद्याचंही सांगून टाकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंच, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या शस्त्राला परवाना लागत नाही. दुकानदार ओळखपत्राची प्रत घेऊन वहीत नोंद करतो. तरी मी आपला पोलीस ठाण्यात जाऊन विचारून आलो. जामदार हसले, पण विचारलंत हे बरं केलंत, असंही म्हणाले. परवाना लागत नाही म्हणजे वाटेल ते करायला मोकळीक असते असं नाही. त्याच छर्‍यानं चिमणी-पारव्यावर नेम धरला, तर १९७२ चा वन्यजीव कायदा आहे आणि त्याआधी हवालदारकाका आहेत.

आमचं घर जुन्या जालन्यातलं. पुढच्या दारापासून मागच्या अंगणापर्यंत सरळ बोळ जातो. मी फीत धरून मोजला, दहा मीटर आणि वर वीतभर निघाला. स्पर्धेतलं अंतरही दहाच मीटर. ऑलिंपिकमध्ये दहा मीटरचं एअर पिस्तूल १९८८ च्या सेऊलपासून आहे, आणि आमच्या पणजोबांनी हा बोळ त्याच्या किती तरी आधी बांधून ठेवला, याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं.

इथं माझ्या हातून एक मूर्खपणा घडला, तोही सांगितला पाहिजे. छर्रे अडवायला मागे काहीतरी हवं. लोखंडाच्या गावात राहणारा माणूस काय करील? मी भंगारातून जाड पोलादी पत्रा आणला, सरळ उभा केला आणि वर निशाणाचा कागद चिकटवला. दुसर्‍याच गोळीला माझ्या चष्म्याची उजवी काच टचकन तडकली. छर्रा शिशाचा, वजनानं जेमतेम अर्धा ग्रॅम. पण उभ्या पोलादावर आपटून त्याचा तुकडा सरळ माघारी आला होता. धाकटी माझ्या शेजारी उभी होती आणि तिला चष्मा नाही.

ते पाहून काका जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही.

मग त्यांनी स्वतः एक लाकडी पेटी केली. आत जुन्या गोधडीच्या चिंध्या गच्च ठासल्या आणि त्यामागे तोच पत्रा असा तिरका बसवला, की राहिलंसाहिलं खाली पेटीतच पडावं. दोघांच्या डोळ्यांवर जाड प्लॅस्टिकचे चष्मे आले. बोळाच्या दोन्ही दारांना आतून कड्या लागल्या. नळीचं तोंड पेटीखेरीज कुठंही वळायचं नाही, छर्रा भरलेला असो वा नसो. सराव संपला की पिस्तूल कपाटात, किल्ली माझ्या जानव्याला, आणि हात साबणानं धुतल्याखेरीज शेंगदाण्यालाही हात लावायचा नाही, कारण शिसं पोटात जाऊन चालत नाही. हे नियम त्यांनी पाटीवर लिहून बोळात टांगले. ती पाटी अजून आहे.

आता नेमाकडे वळू. स्पर्धेतल्या निशाणाचा काळा गोल ५९.५ मिलिमीटरचा. त्याच्या मधोमध दहा गुणांचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे आपल्या बायकांच्या मोठ्या टिकलीएवढं. नऊचं वर्तुळ साडेसत्तावीस मिलिमीटर, दहा रुपयांचं नाणं त्यावर ठेवलं तर जवळजवळ झाकून जाईल. दहा मीटरवरच्या टिकलीवर, एका हातानं, कशालाही न टेकता, उभ्यानं मारायचं. हात हलतोच, जगज्जेत्याचाही हलतो.

काकांनी मला पट्टी आणायला सांगितली. पुढच्या बोंडापासून मागच्या खाचेपर्यंत आमच्या पिस्तुलात अंतर भरलं २५ सेंटिमीटर. "आता तुम्हीच हिशेब करा साहेब. बोंड खाचेत एक मिलिमीटर इकडचं तिकडं झालं, तर निशाणावर किती?" पंचवीस सेंटिमीटरला एक मिलिमीटर, तर दहा मीटरला चाळीस! म्हणजे टिकलीवर धरलेला छर्रा पाच-सहाच्या वर्तुळात जाणार. "आणि बोंड खाचेत बरोबर आहे, पण सगळा हातच एक सेंटिमीटर बाजूला गेला, तर?" तर छर्रा एकच सेंटिमीटर बाजूला, आणि गुण नऊ. मी त्या पट्टीकडे पाहतच राहिलो. जन्मभर आपल्याला वाटतं, की नेमबाजानं निशाणाकडे टक लावून पाहायचं असतं. इथं निशाण धूसर दिसलं तरी चालतं. डोळा हवा बोंडावर आणि खाचेवर. हे दोन लाखांच्या पिस्तुलात शिका किंवा साडेसहा हजारांच्या, गणित तेच.

उलट स्वस्त पिस्तूल एका बाबतीत जास्त कडक मास्तर निघालं. स्प्रिंग सुटली की तिचा दणका पिस्तुलाला बसतो, आणि छर्रा तोवर नळीतच असतो. चाप ओढल्याबरोबर मुलीनं हात ढिला सोडला, की निशाणावर लगेच पत्ता लागायचा. महागडं पिस्तूल अशा चुका थोड्याफार पोटात घालतं. हे घालत नव्हतं.

दुसरी गोष्ट नळी मोडण्याची. ती इतकी कडक, की आठवीतल्या पोरीच्या हातून मोडेना. मग मी मोडायची, तिनं छर्रा बसवायचा, मी सरळ करून तिच्या हातात द्यायचं. एका गोळीला मिनिटभर लागे. मला वाटलं, हा तोटाच. काका म्हणाले, "हाच फायदा. नाहीतर पोरं फटाफट उडवतात आणि काही शिकत नाहीत." त्या मिनिटात ती हात खाली घेऊन श्वास घ्यायची आणि मागची गोळी कुठं गेली ते निशाणाकडे न पाहता मला सांगायची. मग आम्ही दुर्बिणीतून पडताळायचो. पहिल्या महिन्यात तिचं सांगणं दहात दोनदा खरं ठरे. होळीपर्यंत सात-आठदा खरं ठरू लागलं. पोरगी रोज संध्याकाळी तासभर माझ्या शेजारी उभी राहायची, हेही मला जमेच्या बाजूला धरलं पाहिजे. थोरल्याच्या आठवीत मी कुठं होतो, ते मला आठवत नाही.

दिवसाला साठ छर्रे, आठवड्याचे पाच दिवस, चाळीस आठवडे. बारा हजार छर्रे झाले. पाचशेचा डबा मला साडेतीनशेला पडे. चोवीस डब्यांचे आठ हजार चारशे. पिस्तुलापेक्षा छर्रे महाग पडले, काकांनी म्हटलं होतं तसंच.

त्या पिस्तुलाचे दोषही सांगायला हवेत. स्पर्धेच्या पिस्तुलाचा चाप कमीत कमी ५०० ग्रॅमचा असावा लागतो. आमच्या पिस्तुलाला किराणावाल्याची वजनं टांगून पाहिली, तर दोन किलोंना तो सुटला. छर्रा न भरता चाप ओढायचा सराव मोठमोठे नेमबाज तासन्‌तास करतात. तो या पिस्तुलावर करता येत नाही, स्प्रिंग खराब होते. मूठ पोरीच्या हाताला मोठी होती, ती कानस लावून बारीक करावी लागली. आणि पावसाळ्यात बॅकसाइटचा स्क्रू एकदा असा गंजला, की सळयांच्या कारखान्यातल्या मिस्त्रीकडे जावं लागलं.

आता मूळ प्रश्न. बदलायचं केव्हा? काकांनी पहिल्याच दिवशी पिस्तुलाची परीक्षा घेऊन ठेवली होती. वाळूच्या पिशवीवर मनगट टेकवून त्यांनी स्वतः दहा छर्रे मारले. सगळे मिळून मोठ्या पेढ्याएवढ्या जागेत बसले, पाचएक सेंटिमीटरमध्ये. तो कागद त्यांनी तारीख घालून मला जपायला दिला. "हा पिस्तुलाचा ग्रुप. पोरीचा ग्रुप याच्यापेक्षा मोठा असेल तोवर दोष पोरीचा. ज्या दिवशी तिचा याच्याजवळ येईल, त्या दिवशी मला हाक मारा."

धाकटीचा पहिला ग्रुप भाकरीएवढा होता. गुढीपाडव्याला तो पुरीएवढा झाला. मग एप्रिल-मे महिन्यांत जालन्याच्या उन्हानं बोळाची भट्टी झाली आणि पुरी पुन्हा फुगली. ती दोनदा रडली आणि एकदा 'मला नाही खेळायचं' म्हणाली. मी काही बोललो नाही. साडेसहा हजारांतच मिटलं असतं, म्हणून बोललो नाही, असं आता वाटतं. दोन लाख घातले असते, तर त्या दिवशी मी पोरीवर ओरडलोच असतो, आणि मग ते पिस्तूल तिनं मनापासून कधी उचललं असतं का, देव जाणे.

जुलैच्या शेवटी पॅरिसचं ऑलिंपिक आलं. २०२१ साली टोकियोत ऐन पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं होतं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली होती. उत्तमातलं उत्तम पिस्तूलही असा दगा देतं. त्याच मनूनं २०२४ च्या पॅरिसमध्ये दहा मीटर एअर पिस्तुलात दोन कांस्यपदकं घेतली, एक एकटीचं आणि एक सरबज्योत सिंगच्या जोडीनं. १ ऑगस्टला आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलीत तिसरं आणलं. त्या आठवड्यात गल्लीतल्या सहा घरांनी मला पिस्तुलाची किंमत विचारली. पेटीतल्या चिंध्या कोणी विचारल्या नाहीत.

ऑगस्टच्या तिसर्‍या आठवड्यात एका संध्याकाळी धाकटीनं कागद आणून माझ्यापुढे ठेवला. दहाही छर्रे काळ्या गोलात होते. मी कपाटातून काकांचा कागद काढला आणि दोन्ही एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले. मग पायात चपलाही न घालता काकांकडे गेलो.

काकांनी कागद पाहिला. "आता तट्टू पुरं झालं," एवढंच म्हणाले.

छत्रपती संभाजीनगरच्या एका क्लबात तासावर पिस्तूल भाड्यानं मिळालं. अर्ध्या किलोच्या चापानं तिला पहिले दोन दिवस रडकुंडीला आणलं. बोट नुसतं टेकलं की गोळी सुटायची. तिसर्‍या दिवशी तिच्या हाताला ते हलकेपण कळलं. डिसेंबरात त्याच क्लबाच्या स्पर्धेत तिनं साठ गोळ्यांत सहाशेपैकी ५२७ केले. नंबर आठवा आला. ज्यांचे पुढचे नंबर आले, त्यांतली बहुतेक मुलं दोन-तीन वर्षं स्वतःच्या पिस्तुलावर खेळणारी होती.

त्या रात्री मी सौ.ला म्हटलं, "पाटल्या काढ." तिनं चारही काढल्या. सोनाराकडे एकच नेली, कारण तोवर पिस्तुलांची पारख थोडीफार मलाही आली होती आणि क्लबातल्या एका मुलानं दोन वर्षं वापरलेलं परदेशी पिस्तूल विकायला काढलं होतं. वर्षापूर्वी ज्या हाताला घाम फुटत होता, त्याच हातानं मी पैसे मोजून दिले आणि घरी येऊन गाढ झोपलो. सासूबाईंच्या तीन पाटल्या आता सौ. एका हातात दोन, एका हातात एक अशा घालते, आणि कोणी विचारलं तर चौथी कुठं आहे ते मोठ्या आवाजात सांगते.

साडेसहा हजारांचं पिस्तूल विकावं असं मनात आलं होतं. पण गल्लीतल्या किराणावाल्याची सातवीतली मुलगी, जिच्या वडिलांची वजनं आम्ही चापाला टांगली होती, ती आता रविवारी सकाळी येते. नळी तिच्याही हातून मोडत नाही, तेव्हा ते काम पुन्हा माझ्याकडे आलं आहे. काका खुर्ची टाकून बसतात, धाकटी दुर्बिणीतून पाहून गुण सांगते. परवाच्या रविवारी या मुलीचा पहिला ग्रुप भाकरीएवढाही नव्हता. दोन छर्रे पेटी चुकवून मागच्या दारात रुतले. दार परसाकडचं आणि जाड सागवानी आहे, म्हणून निभावलं. आता पेटी दुप्पट मोठी करायला सांगितली आहे, आणि दिवाळीच्या आत दाराला रंग द्यायचा आहे.